नसलेलं कुलूप

१२ जून

छोट्या,

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला या नावानं हाक मारणं बरं दिसत नाही, पण दुसरं नाव लिहायला हात वळेना. तुझा पत्ता मावशीच्या मुलाकडून घेतला. देताना त्यानं दोनदा विचारलं, "नक्की ना, ताई?" आई गेली तेव्हा तू आला नाहीस, त्यावरून मी फोनवर नको ते बोलले. त्याला नऊ वर्षं झाली. ते उकरून काढायला हे पत्र नाही.

माझी खुशाली अशी. आमची प्रयोगशाळा बंद झाली. एकतीस वर्षं मी लोकांचं रक्त काचेवर पसरून पाहिलं. आता ते काम एक यंत्र करतं आणि ते यंत्र दुसऱ्या गावात आहे. तीन महिने घरी बसले. कपाटं आवरली, आवरलेली पुन्हा आवरली. शेवटी हे म्हणाले, "तू कुठेतरी जायला लाग, नाहीतर मला जावं लागेल." ह्यांना तू ओळखतोस. आहेत तसेच आहेत, गुडघे तेवढे गेले.

घरापासून दोन थांब्यांवर कम्युनिटी कॉलेज आहे. वयाची अट नाही. मी गेले होते संगणक शिकायला. खिडकीतला माणूस म्हणाला, ती तुकडी भरली, नाटकात जागा आहे. नाट्य आणि रंगमंच सादरीकरण, एक वर्ष, आठवड्यातून चार दुपारी. मी म्हटलं, द्या. घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "का, घरातलं कमी पडत होतं?"

आमचा वर्ग म्हणजे एक जुनी व्यायामशाळा. जमिनीवर खेळाच्या पांढऱ्या पट्ट्या अजून आहेत. कोपऱ्यात लाकडी ठोकळे आहेत, ते कधी खाट होतात, कधी पूल. पहिले दोन आठवडे आम्ही नुसते चाललो. शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत, आवाज बारीक, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. "अभिनय नंतर बघू," त्या म्हणतात, "आधी नीट उभं राहा." मी चुकीची उभी राहते हे मला चौपन्नाव्या वर्षी कळलं. वर्गात एक नळ दुरुस्त करणारा आहे, तो मेल्याचं सोंग इतकं छान करतो की परवा खरंच झोपी गेला.

एवढ्याचसाठी लिहिलं असतं तर पत्र इथेच संपवलं असतं. पहिल्या दिवशी बाईंनी पूर्ण नावं घेऊन हजेरी घेतली. अकराव्या नावाच्या मधोमध तुझं नाव आलं आणि पुढे आपलं माहेरचं आडनाव. 'हजर' म्हणणारी मुलगी माझ्यापासून तीन हातांवर बसली होती. वय वीस. माझं सासरचं नाव घेतलं तेव्हा तिनं वळूनही पाहिलं नाही. वळायचं तिला काही कारण नव्हतं.

समोर आली तर तू तिला ओळखणार नाहीस. नाव ऐकलं नसतं तर मीही ओळखलं नसतं.

ताई


५ जुलै

छोट्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असेल असं धरून लिहिते.

ती सकाळी एका चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना फ्रेम दाखवते. दुपारी वर्गाला येते, येताना डब्यातलं उभ्यानंच खाते. केस कापलेले, आखूड. बोलते कमी. काम मात्र असं करते की बाकीचे आपलं विसरून तिच्याकडे बघत राहतात. आईकडे राहत नाही. दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. हे मी विचारून काढलेलं नाही, जिन्यात बोलताना कळलं. मला काकू म्हणते. वर्गात मला सगळेच काकू म्हणतात, नळवालासुद्धा, जो माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल नसेल.

बाईंनी आमची जोडी लावली आहे. त्यात कुणाचा हात नाही. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. वर्षाच्या मध्यावर एक प्रयोग असतो, त्यासाठी त्यांनीच लिहिलेला चाळीस मिनिटांचा प्रवेश आहे. कपडे धुण्याच्या कारखान्यात दोन बायका चादरींच्या घड्या घालतात. वीस वर्षं एकत्र काम केलेलं आहे. त्यातली एक उद्यापासून येणार नाही. ते सोडून त्या सगळ्यावर बोलतात. तिला थोरलीचं काम दिलं आहे आणि मला धाकटीचं. बाई म्हणाल्या, वय पाहून कामं वाटायची तर नाटक कशाला करायचं.

रोज बारा चादरी. तू कधी मोठ्या चादरीची घडी दोघांत घातली आहेस का? समोरच्याकडे बघावं लागतं. दोन टोकं आपल्याकडे, दोन तिच्याकडे, ताणायची, झटकायची, मग चालत जाऊन आपली टोकं तिच्या हातात द्यायची. हात लागतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काकू, तुम्ही टोक देता आणि लगेच मागे सरता. थोडं थांबा ना." बाईंनी तेच पुढे सांगितलं. मी थांबायला शिकते आहे.

मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, असंही मनात येतं. मी तिची आत्या, एवढं एक वाक्य. पण ते वाक्य एकटं येत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

ताई


२२ ऑगस्ट

छोट्या,

काल जे झालं ते झाल्या क्रमानं लिहिते.

बाईंनी सगळ्यांना भिंतीला टेकवून बसवलं. एकेकानं मध्ये स्टुलावर बसायचं आणि लहानपणची एक खरी गोष्ट सांगायची. हात मांडीवर, आवाज सपाट, हावभाव अजिबात नकोत. नळवाल्यानं आपण विहिरीत पडलो ते सांगितलं. एका परिचारिकेनं शाळेतली मैत्रीण सांगितली. मग ती उठली.

ती म्हणाली, "मी पाच वर्षांची होते. दुपार होती. आई मला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून गेली. मी खिडकीशी उभी होते. एक चप्पल पायात होती आणि एक हातात, कारण मला वाटत होतं आई आत्ता येईल आणि आपण बाहेर जाऊ. स्टुलावर दूध होतं. त्यावर साय धरली. खालून माणसं जात होती, कुणी वर बघितलं नाही. मग आत्या आली. तिनं कुलूप तोडलं आणि मला उचललं. तिचे हात गार होते."

ती थांबली. बाईंनी विचारलं, "आत्या कुठे असते आता?"

"माहीत नाही. बाबांकडची होती. चांगली होती एवढं आठवतं."

नळवाला डोळे पुसत होता. बाई म्हणाल्या, "बघा, काही न करता किती झालं." पुढचं नाव माझं होतं. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि तास संपेपर्यंत गेले नाही आत.

कुलूप माझं. खिडकी माझी. हातातली चप्पलही माझीच. तुझ्या वकिलांच्या खोलीत बसून, साक्ष रचताना, मी ती तिच्या हातात दिली होती. वकील म्हणाले होते, नुसतं 'मूल एकटं होतं' म्हणून भागत नाही, काहीतरी डोळ्यांपुढे उभं राहायला हवं. मी चप्पल उभी केली. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली, ती चप्पल आली तेव्हाच.

दूध मी सांगितलं नव्हतं. ते आपल्या आईनं घातलं असणार, पोर गावी तिच्याजवळ असताना. त्या वर्षभरात दारात येईल त्याला आई ते ऐकवत असेल, आणि पोर मांडीवर. गार हात कुणाचे ते माहीत नाही. ते तिचे तिनंच घातले असतील.

काचेवर बाहेरचा एक थेंब पडला तर आम्ही ती काच फेकून द्यायचो आणि माणसाला पुन्हा बोलवायचो.

ताई


१९ सप्टेंबर

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी आहेत, पण अक्षर ओळखीचं निघालं. झालं गेलं ते संपलं, तू तो वर्ग सोड, तिला काही सांगू नकोस, तिच्या आयुष्यात उगाच गोंधळ नको, प्रकृतीला जप. प्रकृती ठीक आहे.

वर्ग मी सोडत नाही. प्रयोगाला दोन महिने उरलेत आणि चादरी धरायला दुसरं कुणी नाही.

संपलं म्हणतोस तर काय संपलं ते एकदा लिहून ठेवते. आपण दोघं ते आजवर एकमेकांशीही बोललेलो नाही. त्या दुपारी तुझी बायको मुलीला घेऊन माझ्याकडे आली. शाळेत नोकरीसाठी मुलाखत होती. म्हणाली, "ताई, दोन तास ठेवून घ्या, तिला झोप येईलच." पोर खरंच झोपली. माझ्या पलंगावर, दीड तास. नंतर तिची आई आली, चहा घेतला, मुलीला खांद्यावर टाकून गेली. नोकरी मिळाली म्हणून खुशीत होती. घरात कुणी कोंडलेलं नव्हतं. दाराला कुलूप असेल तर रिकाम्या घराला होतं.

तुमचं भांडण त्याच्या आधीपासून चालू होतं. महिन्याभरानं तू माझ्याकडे येऊन रडलास. तू म्हणालास म्हणून मी साक्ष दिली. मुलीचा ताबा तुला मिळाला. तू तिला आपल्या आईच्या गावी नेऊन ठेवलंस. अकरा महिन्यांनी तुला परदेशातली नोकरी मिळाली आणि तू तिला कपड्यांच्या बॅगेसकट तिच्या आईच्या दारात सोडून गेलास. त्या अकरा महिन्यांत तिच्या आईची ती शाळेतली नोकरी गेली. कोर्टात असं सिद्ध झालेल्या बाईच्या हाती लोकांनी आपली मुलं का द्यावी.

ह्यांना तेव्हा सगळं माहीत होतं. कोर्टात जायच्या सकाळी बूट घालता घालता म्हणाले होते, "न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगू नकोस." मी सांगून आले. त्यावर पंधरा वर्षांत ते एक शब्द बोलले नाहीत. परवा मी म्हटलं, "प्रयोग झाला की सांगते तिला. आत्ता सांगितलं तर तिचं काम बिघडेल."

हे वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "प्रयोगानंतर सांगशील ते तुझ्या सोयीनं होईल."

"तिच्या कामाचं काय?"

"काम कुणाचं बिघडेल, ते बघ आधी."

मग पान उलटलं.

ताई


२३ सप्टेंबर

छोट्या,

सांगितलं.

कपडेपटाच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. प्रयोगातल्या चादरींना कडेनं फीत लावायचं काम बाईंनी आम्हाला दिलं होतं. ती सुईत दोरा ओवत होती. मी म्हटलं, "तू मध्ये सांगितलीस ती गोष्ट, त्यातली आत्या मी." ओवून झालं तेव्हा तिनं मान वर केली.

"तुम्ही?"

"हो. तुझ्या वडिलांची थोरली बहीण."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते चांगलं होतं. ती हसली. अर्धी उठली होती, कदाचित माझ्याजवळ येणार होती. म्हणून मी घाईनं पुढचं बोलले. "कुलूप नव्हतं. मी तोडलं नाही. तुला कुणी कोंडलं नव्हतं. मी कोर्टात खोटं सांगितलं."

ती पुन्हा बसली. मग एकेक विचारत गेली, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

"चप्पल?"

"नव्हती. मी रचली."

"दूध?"

"आजीनं घातलं असेल. मला माहीत नाही."

"मग मी कुठे होते?"

"माझ्या घरी. झोपली होतीस."

"आणि आई?"

"मुलाखतीला. सांगून गेली होती, दिलेल्या वेळेला परत आली."

तिनं हातातली चादर मांडीवर पसरली. मग म्हणाली, "मला ती खिडकी दिसते. गजांचा रंग सांगू शकते मी. हिरवा."

मी म्हटलं, "तुमच्या खिडकीला गज नव्हते."

एवढं तरी मी गाळायला हवं होतं, असं नंतर वाटलं. पण थोडं खरं ठेवून थोडं गाळायचं, हे मी एकदा करून बसले आहे.

ती म्हणाली, "मी अठराव्या वर्षी घर सोडलं. भांडण दुसऱ्याच कशावरून तरी झालं होतं. मी आईला म्हटलं, तू मला कोंडून गेली होतीस, तू मला काय शिकवतेस. ती 'नाही' म्हणाली नाही. म्हणून मी निघाले."

मग तिनं सुई फितीत खोवली, चादर घडी करून ठोकळ्यावर ठेवली. एकटीनं मोठी घडी घालायला वेळ लागतो. मी उठले नाही. दारातून म्हणाली, "उद्या तालीम साडेतीनला आहे. वेळेवर या."

तालमीला ती आली. वाक्यं बिनचूक. टोकं माझ्या हातात देताना तीच आता लगेच मागे सरते. बाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "हे नवीन काय? चांगलं आहे. ठेवा."

ताई


४ ऑक्टोबर

छोट्या,

तालमीनंतर ती म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चला. आईला तुमच्या तोंडून ऐकू दे. मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल."

तुझी बायको आता कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात बसते. दुकान अरुंद आहे. एक शिलाई यंत्र, एक इस्त्री, आणि दोरीला लटकलेल्या पँटी, प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली. ती एका पँटीची दुमड घालत होती. मुलीनं म्हटलं, "आई, ह्या—"

"माहीत आहे," ती म्हणाली. "बसा. एवढी शिलाई होऊ दे."

शिलाई झाली. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "बोला."

मी बोलले. आधी कोर्टात काय सांगितलं ते, मग काय झालं होतं ते. हात मांडीवर ठेवले होते, त्याची सवय झाली आहे. सगळं मिळून तीन-चार मिनिटं लागली.

ती म्हणाली, "कोर्टात तुम्हाला जास्त वेळ लागला होता."

मी म्हटलं, हवं तर हे लिहून देते, वकिलासमोर सही करून. ती म्हणाली, "कागद नको. कागद तेव्हा पुष्कळ झाले."

मुलीनं तिला विचारलं, "मी म्हटलं तेव्हा तू 'नाही' का म्हणाली नाहीस? एकदा म्हणायचं."

"तुला किती नीट दिसत होतं ते. चप्पल, साय." ती यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसली होती. "कोर्टात म्हटलं, असं झालं नाही. तुझ्या आजीला म्हटलं. शाळेत हेडबाईंना म्हटलं. मग तू म्हणालीस. मला वाटलं, कधीतरी गेलेही असेन. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या एखाद्या दिवशी. सगळ्यांना आठवतंय तर मीच विसरले असेन. इतकी वर्षं मी तो दिवस शोधतेय."

मुलगी तिथेच दोरीखाली उभी होती. पँटी तिच्या डोक्याला लागत होत्या, तिनं त्या बाजूला केल्या नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं त्यात?"

मी म्हटलं, "भाऊ रडत होता."

"नाही," तुझी बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला ही हवी होती. त्या दुपारी मी घ्यायला आले तेव्हा हिच्या केसांत नव्या रिबिनी होत्या. फ्रॉकही बदललेला. घरात मूल नाही आणि पाच वर्षांच्या मुलीच्या मापाचा फ्रॉक. मी तेव्हाच घाबरले होते."

ते खरं होतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू म्हणालास म्हणून मी साक्ष दिली. ते दुरुस्त करते. तू एवढंच म्हणाला होतास, "ताई, काहीतरी कर." कुलूप तू सांगितलं नाहीस. कुठली दुपार घ्यायची तेही तू सांगितलं नाहीस. मीच तुला म्हटलं, मी बघते, पण ती माझ्या जवळ राहील असं बघ. तू हो म्हणालास. मग तू तिला आपल्या आईकडे नेऊन ठेवलंस, आणि तुझ्यावर मी चिडले ती त्यासाठी. आईच्या अंत्यविधीला तू आला नाहीस हे नुसतं निमित्त झालं. फ्रॉक तीन होते. पुढे मी ते मोलकरणीच्या मुलीला दिले.

मी उठले तशी तुझ्या बायकोनं दोरीकडे हात नेला. पुढची पँट घेतली. मुलगी तिथेच थांबली. बसथांब्यापर्यंत मी एकटी आले.

ताई


१६ नोव्हेंबर

छोट्या,

प्रयोग काल झाला. परीक्षेच्या दालनातल्या साठ खुर्च्या आणून मांडल्या होत्या, पन्नासएक भरल्या. हे पहिल्या रांगेत, गुडघे पसरता यावेत म्हणून कडेला. ती तिच्या आईला घेऊन आली नाही. तिची आई एकटी आली, दुसऱ्या रांगेत बसली, पिशवी मांडीवर.

मधल्या दीड महिन्यात ती माझ्याशी प्रवेशातली वाक्यं सोडून फारसं बोलली नाही. मला आता कुठल्याच नावानं हाक मारत नाही. अडलं तर 'ऐका' म्हणते. मी ऐकते. ती दर रविवारी आईच्या दुकानात जाते, इस्त्री करते, एवढं तिनं बाईंना सांगितलं, म्हणून मला कळलं. खोली सोडलेली नाही.

प्रयोगात सातव्या चादरीला मी वाक्य विसरले. पुढे काळोख झाल्यासारखं होतं, तसं झालं. चादर आमच्या दोघींमध्ये आडवी धरलेली. ती समोरून माझ्याकडे बघत होती. तालमीत असं झालं तर बाई विंगेतून शब्द टाकतात, पण प्रयोगात टाकायचा नाही असं ठरलेलं. ती गप्प राहिली असती तर पन्नास माणसांसमोर माझी फजिती झाली असती, आणि त्यात तिचं काही चुकलं नसतं. तिनं चादर जोरात ताणली. मी दोन पावलं पुढे ओढली गेले. ती म्हणाली, "काय गं, उद्या मी नसले की अशीच उभी राहणार का?" हे वाक्य बाईंनी लिहिलेलं नव्हतं. लोक हसले. मला माझं वाक्य आठवलं. उरलेल्या पाच चादरी झाल्या.

टाळ्यांनंतर तिची आई मागच्या दारानं आत आली. मुलीला म्हणाली, "घड्या सरळ घातल्यास." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही मध्येच विसरलात."

"हो."

"कुणाला कळलं नाही." पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "मला कळलं."

हे बाहेर रिक्षा थांबवून उभे होते. मी निघाले तेव्हा मुलगी जिन्यात भेटली, तोंडाचा रंग अर्धा पुसलेला. म्हणाली, "बाबांना तुम्ही पत्रं लिहिता ना? आई म्हणाली, तुम्ही लिहीत असणार." मी हो म्हटलं. तिनं विचारलं, "त्यांना माहीत होतं, कुलूप नव्हतं ते?"

मी म्हटलं, "विचारलं नव्हतं त्यानं कधी. विचारायचं नाही, एवढं त्याला माहीत होतं."

तिनं मान हलवली. आज सकाळी हे दूध घ्यायला खाली गेले तर ती चष्म्याच्या दुकानात जाता जाता फाटकाशी थांबलेली. वर आली नाही. ह्यांच्या हातात एक पाकीट दिलं आणि गेली. ते मी या पत्रासोबत मोठ्या पाकिटात घालते आहे. चिकटवलेलं आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही, तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे म्हणाले, हाताला दोन-तीन पानं लागतात.

ते आधी वाच. माझं नंतर वाचलंस तरी चालेल, नाही वाचलंस तरी चालेल. उत्तर तिला लिही. पत्ता पाकिटाच्या मागे तिनं स्वतःच्या हातानं घातला आहे, आणि तो तिच्या आईच्या घरचा आहे.

ताई